पिशवी काढली म्हणजे मुलगी सुरक्षित झाली का?

“डॉक्टर, हिची पिशवी काढून टाकता येईल का?”

बौद्धिक दिव्यांग मुलगी वयात आली की अनेक घरांत हा प्रश्न उभा राहतो आणि तिथून तो आम्हा डॉक्टरांपर्यंत येतो. पहिले कारण पाळीचे सांगितले जाते. हिला पॅड बदलायचे कळत नाही, कपडे खराब होतात, धुणारी आई एकटी. थोडे बोलणे वाढले की दुसरे कारण बाहेर येते आणि बहुतेक वेळा खरे कारण तेच असते. “आम्ही दिवसभर शेतावर. ही घरी एकटी. उद्या कुणी काही केलं तर?”

आईवडिलांची ही भीती खरी आहे. तिला हसू नका, तिच्यावर चिडूही नका. पण त्या भीतीवर सांगितला जाणारा हा उपाय साफ चुकीचा आहे आणि तो कसा चुकीचा आहे हे आज स्पष्ट बोलायला हवे. गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही. फक्त दिवस राहत नाहीत. म्हणजे गुन्हा करणाऱ्याला अडथळा होत नाही, उलट गुन्हा उघडकीला येण्याची एक वाट बंद होते. ज्याला आपण ‘मुलीची काळजी’ म्हणतो, त्यातून सोय होते ती अत्याचार करणाऱ्याची.

ऑपरेशनने नेमके काय होते?

गर्भाशय काढणे हे मोठे ऑपरेशन आहे. भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, मूत्राशयाला किंवा मूत्रनलिकेला इजा हे धोके कोणत्याही स्त्रीला असतात. मुलगी आपले दुखणे नीट सांगू शकत नसेल, तर ऑपरेशननंतरची गुंतागुंत उशिरा लक्षात येते. सोबत अंडाशये काढली तर विशीतच रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होतात, पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशये ठेवली तरी काही स्त्रियांमध्ये त्यांचे काम लवकर मंदावते.

पाळीच्या अडचणीवर याहून सोपे उपाय आहेत. पहिला उपाय शिकवण्याचा. दात घासणे, अंघोळ करणे जसे रोज तेच तेच करून शिकवले, तसे पॅड लावणे आणि बदलणे बऱ्याच मुलींना शिकवता येते. चित्रे वापरा, ठरलेल्या वेळी बदला, चड्डीसारखे घालायचे पॅड मिळतात ते वापरा. रक्तस्राव जास्त असेल तर तो कमी करणाऱ्या गोळ्या आहेत. गरज पडल्यास हार्मोनच्या गोळ्या, तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन किंवा गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधन यांचा विचार करता येतो. मात्र हे स्वतःच्या मनाने करू नका. फिटच्या काही औषधांमुळे हार्मोनच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. सतत अंथरुणावर असणाऱ्या मुलीला काही गोळ्यांनी पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. इंजेक्शन वर्षानुवर्षे घेतल्यास हाडांवर परिणाम होतो. म्हणून ही औषधे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

गर्भाशयात खरोखर आजार असेल, म्हणजे कॅन्सर असेल किंवा इतर उपचारांनी न थांबणारा रक्तस्राव असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे जो नियम इतर कोणत्याही स्त्रीला, तोच हिला.

शिरूर, १९९४

हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. नगर-पुणे रस्त्यावरचे शिरूर तुम्हाला माहीत आहे. तिथल्या शासकीय गृहात बौद्धिक दिव्यांग मुली आणि स्त्रिया राहत होत्या. फेब्रुवारी १९९४ मध्ये त्यांच्यापैकी अनेकींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, असे कारण दिले गेले. महिला संघटना आणि आरोग्य चळवळीतले कार्यकर्ते विरोधात उभे राहिले, राज्यभर वाद झाला आणि उरलेली ऑपरेशने थांबली.

तेव्हा विरोधकांनी विचारलेला प्रश्न साधा होता. या मुली सरकारच्या ताब्यात आहेत. त्यांना पॅड, पाणी, स्वच्छतागृह आणि पुरेशा मदतनीस बायका देणे सरकारचे काम आहे. ते न करता मुलींचे शरीर का बदलायचे? आणि गर्भ राहण्याचीच भीती असेल, तर सरकारी गृहाच्या भिंतीआड त्यांच्यापर्यंत पोचणार तरी कोण आहे?

ही शंका उगाच नव्हती. पनवेलजवळच्या कळंबोलीतील एका बालगृहात दिव्यांग मुलींवर लैंगिक अत्याचार होत असल्याचे २०११ मध्ये उघड झाले. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने संस्थेच्या संचालकासह अनेकांना दोषी ठरवले. ज्यांच्याकडे ‘सांभाळायला’ दिले होते, तेच आरोपी निघाले. बाहेरची माणसे आत तपासणीला गेली, तेव्हा हे प्रकरण बाहेर आले.

कायदा आता काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम १० सांगते की दिव्यांग व्यक्तीच्या मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय तिला वंध्यत्व येईल अशी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करता येणार नाही. ‘आईवडिलांनी सही केली’ एवढ्यावर हा प्रश्न मिटत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नेही मानसिक आजारावरचा उपचार म्हणून नसबंदी करण्यास मनाई केली आहे.

गर्भपाताबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच चंदीगडच्या एका प्रकरणात निकाल दिला. शासकीय संस्थेत राहणाऱ्या बौद्धिक दिव्यांग तरुणीवर बलात्कार होऊन तिला दिवस गेले होते. मूल हवे असे ती सांगत होती. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने बाजूला ठेवला. सज्ञान बौद्धिक दिव्यांग स्त्रीची स्वतःची संमती लागते, असे न्यायालयाने सांगितले. दुसऱ्या बाजूने, गर्भपात हवा असेल तर २०२१ च्या नियमांनुसार अत्याचारग्रस्त स्त्रीला, तसेच दिव्यांग स्त्रीला, २४ आठवड्यांपर्यंत तो मिळू शकतो. दोन्हीकडे मुद्दा एकच: तिला काय हवे, हे तिला विचारा.

हिंसा करणारा परका नसतो

“अनोळखी माणूस येईल” या भीतीने आपण मुलीला कोंडून ठेवतो. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षे सांगतात की नोंदलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, घरी येणारा-जाणारा. कोंडलेल्या मुलीपर्यंत पोचणारी माणसे हीच.

शिवाय हिंसा म्हणजे फक्त लैंगिक अत्याचार नव्हे. व्हीलचेअर मुद्दाम दूर ठेवणे, श्रवणयंत्राचे सेल काढून घेणे, ‘त्रास देते’ म्हणून झोपेची गोळी जास्त देणे, पेन्शन काढून घेणे, उपाशी ठेवणे, बांधून ठेवणे, ही सगळी हिंसाच आहे. आणि ती फक्त बौद्धिक दिव्यांग मुलीच्या वाट्याला येते असेही नाही. अंध, कर्णबधिर, अपघाताने किंवा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली विवाहित स्त्री, सगळ्याच यात येतात.

पुढील गोष्टी दिसल्या तर थांबून विचार करा:

- अचानक बदललेले वागणे: गप्प होणे, चिडणे, पुन्हा अंथरुणात लघवी होणे
- एखादी व्यक्ती जवळ आली की घाबरणे
- दंडावर, मांडीच्या आतल्या बाजूला, मनगटावर वळ
- वारंवार लघवीचा संसर्ग, अंगावरून जाणे, पाळी चुकणे
- वजन घटणे, दिवसभर गुंगीत असणे, पाठीवर जखमा

यातल्या प्रत्येक गोष्टीला दुसरे वैद्यकीय कारण असू शकते. चांगली काळजी घेऊनही पाठीला जखमा होतात. त्यामुळे लगेच कुणावर आरोप करू नका. पण तपासणी टाळू नका.

मदत आहे, पण ती कोणासाठी बनवली आहे?

आता माझ्या खऱ्या तक्रारीकडे येतो. स्त्रियांसाठी आपल्याकडे हेल्पलाइन आहे, संरक्षण अधिकारी आहेत, जिल्ह्याला सखी केंद्र आहे, मोफत वकील आहे. पण ही सगळी रचना एक विशिष्ट स्त्री डोळ्यांपुढे ठेवून केलेली दिसते. ती फोन करू शकते, ऐकू-बोलू शकते, घरातून एकटी निघून एसटीत बसू शकते, अर्ज वाचून सही करू शकते.

दिव्यांग स्त्रीचे काय? संगमनेरहून अहिल्यानगर सुमारे १०० किलोमीटर. लोणी, कोल्हार, राहुरी करत जायचे. साकूर किंवा बोट्याच्या पठारावरून निघायचे तरी प्रवास लांबचाच. तिला तिथे नेणार कोण? घरातलाच माणूस. तिच्या वतीने बोलणार कोण? तोच. तिच्या खुणांचा अर्थ सांगणार कोण? तोच. आणि मारणारा तोच असेल तर? मदतीच्या प्रत्येक दारावर पहारा देणारा माणूस जर गुन्हेगार असेल, तर ते दार तिच्यासाठी बंदच आहे.

ही संख्या थोडी नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यात सुमारे १२.७ लाख स्त्रिया. तेच प्रमाण आपल्या पावणेपाच लाखांच्या पुढच्या तालुक्याला लावले, तर पाच हजारांहून अधिक दिव्यांग स्त्रिया आणि मुली होतात.

तहसीलदारांच्या हातातले कलम ७

फार कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट सांगतो. २०१६ च्या याच कायद्याच्या कलम ७ नुसार, दिव्यांग व्यक्तीवर हिंसा, छळ किंवा शोषण होत आहे असे वाटण्यास कारण असेल, तर *कोणीही* कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकते. तालुक्यात कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे तहसीलदार. शेजारीण कळवू शकते, आशाताई कळवू शकते, शिक्षक कळवू शकतो, डॉक्टर कळवू शकतो. दंडाधिकाऱ्यांनी तातडीने पावले उचलायची असतात. सुटका, तिची इच्छा असल्यास सुरक्षित निवारा, पोटगी, असे आदेश ते देऊ शकतात. पोलिसांकडे तक्रार आली तर या हक्काची, जवळच्या संस्थेची आणि मोफत वकिलाची माहिती तिला देणे पोलिसांचे कर्तव्य आहे.

हेच तहसील कार्यालय संजय गांधी निराधार योजनेमुळे दिव्यांगांच्या घरांना पाठ आहे. पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. ती जिवंत आहे का, एवढे आपण दरवर्षी विचारतो. ती कशी जगते आहे, हेही त्याच वेळी विचारायला काय हरकत आहे?

पोलिसांबाबतही कायदा स्पष्ट आहे. लैंगिक गुन्ह्यात पीडित स्त्री दिव्यांग असेल, तर तिची तक्रार तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या ठिकाणी, दुभाषा किंवा विशेष शिक्षकासमोर, व्हिडिओ चित्रीकरण करून नोंदवायची असते. ही तरतूद २०१३ पासून आहे आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येही आहे. तरीही ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने २०१८ मध्ये महाराष्ट्रासह आठ राज्यांतील १७ प्रकरणे तपासली, तेव्हा तक्रारीपासून कोर्टापर्यंत ठिकठिकाणी ही मदत मिळत नसल्याचे दिसले.

“तिची साक्ष कोण धरणार?” असे म्हणून अनेकजण माघार घेतात. त्यांनी २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा पाटन जमाल वली खटल्याचा निकाल लक्षात ठेवावा. जन्मापासून अंध असलेल्या तरुणीने आरोपीला आवाजावरून ओळखले होते. न्यायालयाने ती ओळख मान्य केली, शिक्षा कायम ठेवली आणि बजावले की अपंगत्व आहे म्हणून साक्ष कमी दर्जाची ठरत नाही.

आपण मागायला हव्यात अशा पाच गोष्टी

यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही.

१. दवाखान्यात तिच्याशी एकटीशी बोलणे. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक ओपीडीत दिव्यांग स्त्रीला पाच मिनिटे नातेवाइकांशिवाय भेटावे. सोबत परिचारिका असावी. डॉक्टरांनी “जरा बाहेर बसता का?” म्हटले तर राग मानू नका. सगळ्यांनाच सांगितले तर कुणा एकावर संशय राहत नाही.

२. दुभाषांची यादी. संगमनेर शहर, संगमनेर तालुका, घारगाव आणि आश्वी पोलीस ठाणी, घुलेवाडीचे ग्रामीण रुग्णालय आणि न्यायालय या सगळ्यांकडे सांकेतिक भाषेचे दुभाषे आणि विशेष शिक्षक यांची नावे, फोन नंबर आणि ठरलेले मानधन असलेली एकच यादी असावी. दुभाषा घरातला नसावा.

३. कलम ७ चा फलक आणि नोंदवही. तहसील कार्यालयाच्या दर्शनी भागात मोठ्या अक्षरांत फलक लावावा. वर्षभरात किती तक्रारी आल्या आणि काय केले, ते जाहीर करावे. तक्रारी शून्य असतील तर ‘आपल्याकडे असे होत नाही’ असा अर्थ काढू नये. लोकांना वाटच माहीत नाही, असा काढावा.

४. सेवा तिच्या दारी. संरक्षण अधिकारी, तालुका विधी सेवा समितीचा वकील आणि समुपदेशक ठरलेल्या दिवशी संगमनेरच्या रुग्णालयातच बसावेत. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू होऊन दोन दशकांहून अधिक काळ लोटला. दुखणे घेऊन आलेल्या बाईला तिथेच हिंसेवर मदत मिळावी, हा विचार त्यामागे आहे. दिव्यांग स्त्री घराबाहेर पडते ती बहुतेक दवाखान्यासाठीच. म्हणून तिच्यासाठी तो सर्वात योग्य आहे.

५. दिवसभराचे सांभाळ केंद्र. आई शेतावर किंवा कामावर असताना मुलीला ठेवता येईल असे, बाहेरच्या लोकांकडून अचानक तपासणी होणारे केंद्र. ‘पिशवी काढा’ या मागणीवरचे खरे उत्तर हे आहे.

काही घडले असेल तर

- अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. कपडे कागदात गुंडाळून ठेवा.
- लगेच रुग्णालयात जा. एचआयव्ही रोखणारे औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. गर्भधारणा टाळण्याचे उपाय पाच दिवसांपर्यंत करता येतात, पण जितके लवकर तितके चांगले. उशीर झाला असला तरी जाच.
- आधी पोलीस तक्रार, मग उपचार, असा नियम नाही. मोफत प्रथमोपचार आणि उपचार देणे खासगी रुग्णालयांवरही बंधनकारक आहे.
- तिला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, तिच्या तोंडी शब्द घालू नका. ती जे सांगेल किंवा खुणेने दाखवेल ते तसेच लिहून ठेवा.
- मुलगी १८ वर्षांखालील असेल तर पोलिसांना कळवणे कायद्याने सक्तीचे आहे.
- फोन: पोलीस ११२, महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८, मोफत कायदेशीर मदत १५१००.
- बलात्कारपीडितांसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा.

“आमच्यानंतर हिचं काय?”

शेवटी प्रत्येक आई हा प्रश्न विचारते. गर्भाशय काढणे हे त्याचे उत्तर नाही. तुमच्यानंतर मुलीला हवी असतील ती तिचे ऐकणारी, तिला भेटत राहणारी आणि काही बिघडले तर कळवणारी चार माणसे. ती आजपासून जोडा. तिला शरीराच्या अवयवांची नावे शिकवा, ‘नको’ म्हणायला शिकवा, बोलता येत नसेल तर चित्रावर बोट ठेवायला शिकवा. तिला लपवू नका. गल्लीतल्या दहा घरांना तिचे नाव माहीत असेल, तर ती एका दिवशी अंगणात दिसली नाही तेव्हा कुणीतरी विचारील.

आणि तुमच्या घरात अशी मुलगी नसेल, तर तुम्ही त्या दहा घरांपैकी एक आहात. शेजारच्या बंद दाराआडून रोज रडणे ऐकू येत असेल, तर “त्यांच्या घरचा प्रश्न” म्हणू नका. कलम ७ ने कळवण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे. एका साध्या कागदावर अर्ज लिहा, तहसील कार्यालयात द्या आणि पोच घ्या.